नवे गार्ड, जुना बोल्ट

दिवाळी जवळ आली की घराला रंग द्यावयाचा, पोरांना कपडे घ्यावयाचे आणि मोटारसायकलीला काहीतरी नवे बसवावयाचे, असा आपल्या हिंगोली जिल्ह्यात एक क्रमच पडून गेला आहे. सोयाबीनचे चार पैसे हाती आलेले असतात. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालून झालेला असतो आणि हार काढताना गाडीचे गेलेले रूप डोळ्यांत भरते. मग कोणी पायांच्या रक्षणासाठी पुढचे लेगगार्ड घेतो, कोणी इंजिनाखालची पत्री घेतो, आणि ज्याच्या मागे घरची बाईमाणूस बसणार असते तो साडीगार्ड घेतो. घेताना तो त्यावरचा मुलामा पाहतो, नळीची जाडी पाहतो, दुकानदाराशी घासाघीस करून पाच-पन्नास रुपये कमी करून घेतो. ज्या बोल्टांवर हे सारे टांगावयाचे आहे, त्यांच्याकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही. ते जाते जुने गार्ड काढावयास बसल्यावर. पाना लावला, जोर केला, दात-ओठ खाल्ले, आणि बोल्ट जागचा हलत नाही!

वाचकहो, आजचे हे सदर त्या न हलणाऱ्या बोल्टाविषयी आहे. विषय बोटभर लांबीचा आहे, हे मला कबूल आहे. परंतु वर्षानुवर्षे पाना हाती धरून माझे एक मत बनले आहे, ते असे की गाडीवरचे संरक्षणाचे साधन त्याच्या नळीइतके नव्हे, तर त्याच्या बोल्टाइतकेच मजबूत असते. आणि गंजलेल्या बोल्टाला जोर चालत नाही, वेळ द्यावा लागतो. ह्या दोन गोष्टी ज्याला पटल्या, त्याला पुढचे सारे सोपे आहे.

प्रथम गार्डाचे काम काय, ते पाहू. साडीगार्ड ही शोभेची वस्तू नव्हे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम सांगतो की, ज्या मोटारसायकलीवर मागे माणूस बसण्याची सोय आहे, तिला धरावयास मूठ, पाय ठेवावयास पायटा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकील असे आच्छादन असले पाहिजे. हेतू हा की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात गुंतू नयेत. आपल्याकडे बायका एका अंगाला, दोन्ही पाय डावीकडे सोडून बसतात. पदर, निऱ्या, ओढणी हे सारे त्याच बाजूला चाकाजवळ लोंबते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या साध्या मोटारसायकलीचे मागचे चाक एका सेकंदात जवळजवळ सहा फेरे घेते. पदराचे टोक आऱ्यांत गेले, तर "अहो, थांबा" म्हणावयास तेवढाही अवकाश मिळत नाही. लेगगार्डाचे काम निराळे. गाडी एका अंगावर पडली, तर तिचा भार नळीवर यावा आणि नडगी खाली सापडू नये, एवढ्यासाठी ते असते. डोक्याचे रक्षण ते करीत नाही. त्यासाठी हेल्मेटच हवे.

आता गंजाकडे वळू. पुष्कळांची समजूत अशी की गंज हा समुद्रकाठचा रोग आहे. रत्नागिरी-मालवणकडे खारे वारे वाहतात, तिथे लोखंड टिकत नाही, हे खरेच. पण आपल्या जिल्ह्यात समुद्र कुठे आहे? आपल्याकडे आहेत कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा, आणि उन्हाळ्यात तर हवा अशी कोरडी की ओठ फुटतात. तरीही सेनगाव, कळमनुरीकडच्या गाड्यांचे बोल्ट मी कोकणातल्यासारखे गंजलेले पाहतो. त्याची कारणे तीन.

पहिले कारण आपली काळी माती. पावसाळ्यात शेतरस्त्याने गाडी गेली की चिखल मडगार्डाच्या आत, पायट्याच्या मागे आणि साडीगार्डाच्या पट्टीखाली जाऊन बसतो. ही माती पाणी धरून ठेवते, म्हणून तर तिच्यात कापूस पिकतो. वरून ती वाळलेली दिसते, पण आत, बोल्टाच्या डोक्याखाली, ओल कितीतरी दिवस टिकते. पिकाला जे हितकारक, तेच बोल्टाला घातक.

दुसरे कारण खताचे पोते. मोटारसायकल ही आपल्याकडे निम्मी बैलगाडीच झाली आहे. वसमतच्या बाजूला हळदीला, इकडे सोयाबीनला, कपाशीला लागणारी खते पुष्कळदा हिच्यावरच येतात. पोते फाटके असते, दाणे गळतात, पट्टीत अडकतात आणि दवाने पाझरतात. त्यांतले म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. आपल्या स्वयंपाकातल्या मिठाचा सख्खा चुलतभाऊ. समुद्र आपल्याकडे येत नाही, पण आपण तो पोत्यात भरून मागच्या चाकावर आणतो! तिसरे कारण गाडी धुण्याची आपली रीत. पाण्याचा जोरदार फवारा मारून वरचे वर धुवावयाचे, आतला चिखल आत ठेवावयाचा, आणि ओली गाडी तशीच सावलीत लावावयाची.

गंज म्हणजे लोखंडाने आपल्या मूळ घरी परत जाणे. खाणीतून जो दगड निघतो त्यात लोखंड प्राणवायूशी बांधलेले असते. भट्टीत आपण ते सोडवतो. पुढे पाणी आणि प्राणवायू भेटले की ते पुन्हा त्याच सोयरिकीला जाते, आणि पाण्यात क्षार असला तर फार लवकर जाते. परंतु बोल्ट अडकतो तो केवळ लोखंड खाल्ले गेले म्हणून नव्हे. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. दुप्पट तर सहज. बोल्टाचे आटे आणि नटाचे आटे ह्यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. तीत गंज फुगला की तो पाचर मारल्यासारखा बसतो. म्हणजे बोल्ट कमजोर झालेला असतो आणि त्याच वेळी घट्टही झालेला असतो. वरून जोर केला तर आटे सुटण्याआधी मानेतून बोल्ट तुटतो, त्याचे इंगित हे आहे.

येथे पुष्कळ लोक मला दिल्लीच्या लोहस्तंभाचे उदाहरण देतात. "जुन्या काळचे लोखंड पाहा, गंजत नाही," म्हणतात. कुतुबमिनाराजवळचा तो सुमारे ७ मीटर उंचीचा आणि सहा टनांहून जड असा गुप्तकालीन स्तंभ सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, हे खरे. कानपूरच्या आयआयटीतील डॉ. आर. बालसुब्रमण्यम ह्यांनी त्याचा अभ्यास करून दाखविले की त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर बनला आहे. शिवाय तो स्तंभ मोकळ्या हवेत आहे. पाऊस पडला, ऊन आले, वाळला. आपल्या बोल्टाला ना तो फॉस्फरस, ना ते ऊन. तो पट्टीखालच्या अंधारात, चिखलाची ओली चादर पांघरून पडलेला. तेव्हा त्याची तुलना स्तंभाशी करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

गेल्या श्रावणात घडलेली गोष्ट सांगतो, म्हणजे पुढची कृती ध्यानात येईल. सेनगाव तालुक्यातले एक शेतकरी जोडपे माझ्याकडे आले. बाई आशा कार्यकर्ती. वाड्या-वस्त्यांवर बाळंतिणींकडे, तान्ह्या मुलांकडे त्यांची रोजची ये-जा, आणि नवरा त्यांना गाडीवर सोडावयास जाई. गाडी बारा-तेरा वर्षांची. साडीगार्डाचा खालचा बोल्ट कुठेतरी काढावयास गेले असता त्याचे डोके उडाले होते, आणि तेव्हापासून गार्ड तारेने बांधलेले होते. आठ दिवसांपूर्वी ती तार सुटली, गार्ड बाहेरच्या अंगाला झुकले आणि बाईंचा पदर चाकात गेला. गाडी चिखलातून अगदी हळू चालली होती म्हणून निभावले. पदर फाटला, कोपर सोलपटले, एवढ्यावर गेले.

नवरा म्हणाला, "मिस्त्री, नवं गार्ड आणलंय. दोन बोल्ट हायेत, पण निघंना गेलेत. मारा की घन घालून दोन घाव!"

मी म्हटले, "बापू, घाव घातला तर बोल्ट निघणार नाही, चेसिसचा कान निघेल. गाडी उद्या संध्याकाळपर्यंत माझ्याकडे राहू द्या."

तो कुरकुरला. पण बाई म्हणाल्या, "राहू द्या, भाऊ. मी उद्या पायी जाईन. पर तारेवर आता बसणार नाही."

त्या एका वाक्यात ह्या साऱ्या विषयाचे सार आले. आता कृती सांगतो.

पहिले काम साफसफाईचे. तारेच्या ब्रशाने बोल्टाचे डोके, नट आणि मागून बाहेर आलेले आटे घासून काढावयाचे. खाचेतला चिखल खिळ्याने किंवा जुन्या आरीच्या पात्याने खरवडावयाचा. पुष्कळ लोक इथेच चुकतात. ते चिखलावर तेल ओततात, चिखल तेल पितो आणि बोल्ट उपाशी राहतो. बोल्टाचे मागे आलेले आटे घासल्यावाचून नट काढू नये, कारण नटाला बाहेर येताना त्याच गंजलेल्या आट्यांवरून यावयाचे असते.

दुसरे काम तेलाचे. गंजात शिरणारे तेल पातळ हवे. आमच्याकडे पूर्वापार डिझेलमध्ये पातळ तेल मिसळून वापरतात. आता फवाऱ्याचे डबेही सगळीकडे मिळतात. त्यांतल्या प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० ची जन्मकथा गंमतीची आहे. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथे ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला ओल लागून गंज चढू नये म्हणून तिथल्या एका छोट्या कंपनीने पाणी हटवणारे मिश्रण शोधावयास घेतले. ते चाळिसाव्या प्रयत्नात साधले, म्हणून नावात ४०. क्षेपणास्त्रासाठी निघालेले औषध आज आपल्या गावातल्या गॅरेजात फळीवर बसले आहे! तेल मारले की हातोडीने बोल्टाच्या डोक्यावर हलके, सरळ, दहा-वीस ठोके द्यावेत. हे ठोके तोडण्यासाठी नव्हेत. त्या थरथरीने गंजाला बारीक चिरा पडतात आणि तेल त्यांतून आत जाते. मग थांबावयाचे. दोन तासांनी पुन्हा तेल, पुन्हा ठोके. रात्रभर ठेवावयाचे. रात्र हे आमच्या पेटीतले सर्वांत स्वस्त हत्यार आहे, आणि घाईच्या गिऱ्हाइकाला तेच सर्वांत महाग वाटते. तेल मारताना मात्र मागच्या ब्रेकावर आणि टायरवर फडके टाकावे. तेल ब्रेकवर गेले, तर गार्ड बसवून अपघात विकत घेतल्यासारखे होईल.

तिसरे काम पान्याचे. उघड्या तोंडाचा पाना किंवा स्क्रूचा पाना अशा बोल्टाला लावूच नये. तो दोनच कडा धरतो आणि त्या गोल करून टाकतो. रिंग पाना किंवा बॉक्स पाना घ्यावा, तोही सहा कोनांचा आणि अचूक मापाचा. आपल्या आजच्या मोटारसायकलींना बहुतेक १०, १२ आणि १४ चे पाने लागतात. पण कोणाकडे जुनी बुलेट असेल, तर सावध असावे. मद्रासला १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या त्या गाड्यांवर इंग्रजी इंचाच्या मापाचे नट-बोल्ट असत. आट्यांचे माप एकसारखे असावे, हा विचार १८४१ साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने मांडला. त्यापूर्वी जो तो कारखानदार आपल्या मनाचे आटे पाडी. इंचाच्या नटाला मिलिमीटरचा पाना "बसतो बसतो" म्हणून लावणे म्हणजे बोल्टाचे डोके गोल करण्याचा परवानाच होय.

पाना बसला की सरळ सोडावयास जाऊ नये. आधी किंचित, अगदी केसभर, आवळावयाच्या बाजूला जोर द्यावा. गंजाची पकड त्याने तुटते. मग सोडण्याच्या बाजूला. हलला की आनंदाने गरागरा फिरवू नये. अर्धा फेरा मागे, पाव फेरा पुढे, थोडे तेल, पुन्हा तसेच. आट्यांतला भुगा अशाने बाहेर पडतो. सेनगावच्या गाडीचा वरचा बोल्ट दुसऱ्या दिवशी सकाळी असाच निघाला.

खालच्याचे डोकेच नव्हते. तिथे चौथे काम, उष्णतेचे. लोखंड तापले की वाढते. १० मिलिमीटर व्यासाचे नटाचे भोक २०० अंशांनी तापवले तर ते सुमारे ०.०२४ मिलिमीटरने मोठे होते. म्हणजे केसाच्या जाडीचा तिसरा हिस्सा. हे फार थोडे वाटते. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वलहरी मोजणाऱ्या लायगो वेधशाळेला २०२३ साली केंद्राची मंजुरी मिळाली. तिच्या ४-४ किलोमीटर लांबीच्या भुजांत प्रोटॉनहून हजारो पटींनी सूक्ष्म असा फरक मोजावयाचा आहे. त्या हिशेबाने आमचा केसाचा तिसरा हिस्सा म्हणजे डोंगरच! त्याने गंजाचा थर फुटतो आणि तेवढे पुरते. मात्र तापवावयाचा तो नट; बोल्ट नव्हे. बोल्टही तापला तर तोही वाढतो आणि सारा खेळ फुकट जातो. नट तापला की सांध्याला मेणबत्ती टेकवावी. मेण वितळून आट्यांत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते.

इथे एक गोष्ट कडक शब्दांत सांगितली पाहिजे. ज्योत लावण्यापूर्वी फवाऱ्याचे तेल पुसून काढावे, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी, बॅटरीची तार सोडावी, आणि शॉकअपच्या जवळ ज्योत नेऊच नये. त्यात तेल असते, काहींत दाबाखालचा वायू असतो आणि दोन्ही टोकांना रबर असते. ज्याच्याकडे ही सावधगिरी नाही, त्याने हे काम मिस्त्रीकडेच सोपवावे. त्यात कमीपणा नाही.

त्या बिनडोक्याच्या बोल्टाला मी वर एक नट ठेवून आतून वेल्डिंगने जोडला. ह्यात दोन कामे एकदम होतात: धरावयास नवे डोके मिळते आणि तुटका तुकडा आतून तापतो. तो निवताना आकसला, आट्यांतला गंज तुटला, मेण आत गेले, आणि पाना लावताच बोल्ट कुरकुरत बाहेर आला. हा उपाय चालला नसता तर बरोबर मध्यावर पंच मारून, बारीक ड्रिलने सुरुवात करून भोक पाडावयाचे आणि आतून टॅपने आटे पुन्हा करावयाचे, एवढाच मार्ग होता. संध्याकाळी नवे गार्ड बसले. बाईंनी ते दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिले, मगच गाडीवर बसल्या. गिऱ्हाइकाने असेच असावे.

बोल्ट निघाला म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. खरे काम बसवताना असते, कारण पुढच्या वेळी तो कसा निघेल हे आज ठरते. खाल्लेला बोल्ट पुन्हा वापरू नये. चार-दोन रुपयांचा विचार करून तोच घासून लावणारे पुष्कळ आहेत. मान बारीक झालेला बोल्ट गार्ड धरतो, पण अपघाताच्या वेळी सोडतो. आणि गार्ड तर अपघाताच्या वेळेसाठीच असते. नवा बोल्ट डोक्यावर ८.८ कोरलेला घ्यावा. लांबी अशी हवी की नटाबाहेर दोन-तीन आटे यावेत. फार लांब असला तर तेवढेच आटे उघडे राहून गंजतात.

बोल्टावर जस्ताचा मुलामा असलेला बरा. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. ह्या तत्त्वाचा मोठा प्रयोग १८२४ साली हम्फ्री डेव्हीने इंग्रजी आरमाराच्या जहाजांवर केला. लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे असत आणि ते खाऱ्या पाण्याने खात. डेव्हीने त्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबे वाचले, पण ते झिजेनासे होताच त्यावर शिंपले आणि शेवाळ चिकटू लागले, जहाजे मंदावली आणि आरमाराने तो उपाय सोडून दिला! आपल्या बोल्टाला शिंपले चिकटण्याची भीती नाही, तेव्हा जस्त खुशाल वापरावे.

"मग स्टेनलेस स्टीलचाच का नको?" असे एका वाचकाने पत्रात विचारले आहे. चालेल, पण दोन अटींवर. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या अंगात स्टेनलेसचा बोल्ट कोरडा बसवला आणि तिथे पाणी राहिले, तर दोन धातूंत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि झिजते ते ॲल्युमिनियम. पांढरी भुकटी दिसू लागते. आणि स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टावर कोरडा आवळला, तर दोघे एकमेकांना असे धरतात की करवतीनेच सुटावेत. दोन्ही ठिकाणी मध्ये वंगण हवेच.

आता बसवण्याची रीत. चेसिसच्या भोकातले आटे टॅप फिरवून किंवा निदान ब्रशाने साफ करावेत. आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्यावा. लोण्यासारखा लपका नव्हे. गाडीच्या कंपनीने जिथे आटे चिकटवण्याचे औषध लावलेले असते, तिथे मात्र ग्रीस लावू नये. बोल्ट बोटांनीच तीन-चार फेरे आत जाऊ द्यावा. तो बोटांनी जात नसेल, तर वाकडा लागतो आहे असे समजावे. गार्डाचे सगळे बोल्ट आधी सैल लावावेत, गार्ड सरळ बसले की मग आळीपाळीने आवळावेत. एक बोल्ट पूर्ण आवळून दुसऱ्याला ओढून-ताणून भोकात बसवला, तर तो जन्मभर ताणातच राहतो. ग्रीस लावलेला बोल्ट हलक्या हाताने जास्त आवळला जातो, म्हणून पान्याला नळी घालून जोर करू नये. लेगगार्डाचा क्लॅम्प कित्येक गाड्यांत इंजिनाच्याच बोल्टावर असतो. तो काढण्यापूर्वी इंजिनाखाली लाकडी ठोकळ्याचा आधार द्यावा. आणि शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालल्यावर सारे बोल्ट पुन्हा एकदा पाहावेत. नवे काम थोडे बसते आणि सैल पडते.

गार्ड चेसिसला थेट वेल्डिंगने चिकटवून देणारेही भेटतात. "आता गंजायलाच नको, निघायलाच नको!" असे ते म्हणतात. हे करू नये. उष्णतेने चेसिसची नळी त्या जागी कमजोर होते, आणि उद्या गार्ड वाकले तर गाडीची हाडे वाकवल्यावाचून ते सुटत नाही. तारेने बांधण्याविषयी तर बोलावयासच नको.

शेवटी, वर्षभराची राखण. त्यासाठी मी एक साधे पंचांग सांगत असतो. पोळ्याला आपण बैलांना नदीवर नेऊन धुतो, खांदे मळतो, शिंगांना रंग देतो. त्याच दिवशी गाडीचाही पोळा करावा: पट्टीखालचा, पायट्यामागचा चिखल ब्रशाने काढावा, गाडी उन्हात वाळवावी आणि गार्डाच्या प्रत्येक बोल्टावर तेलाचा थेंब सोडावा. खंडेनवमीला पान्या-हातोडीची पूजा होते. त्या निमित्ताने बोल्ट एकेकदा पाव फेरा सोडून पुन्हा आवळावेत, म्हणजे ते चिकटत नाहीत. आणि ज्या दिवशी खताचे पोते वाहिले, त्याच दिवशी संध्याकाळी दोन बादल्या साध्या पाण्याने मागचा भाग धुवावा. पोत्याखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला तर त्याहून उत्तम. रंग उडालेल्या जागी चमचाभर रंग लावण्यासही फार वेळ लागत नाही.

ह्या दिवाळीत आपणांपैकी पुष्कळजण गाडीला नवे गार्ड बसवतील. दुकानातून निघताना नव्या बोल्टांची पुडी आणि ग्रीसची लहान डबी आठवणीने घ्या, आणि गाडी मिस्त्रीकडे आदल्या संध्याकाळी लावा. त्याने "उद्या या" म्हटले तर रागावू नका. तो टाळत नाही, तेलाला वाट देतो आहे. गार्ड बसले की मागे बसणाऱ्या माणसालाच ते धरून हलवून पाहावयास सांगा. त्या हाताला ते हलले नाही, तरच मिस्त्रीचे पैसे द्या. सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.